प्रार्थनेची मायबोली



मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात एका ख्रिस्ती पाळकाने प्रार्थनेविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हांस वाटले नाही. आपण ज्याला ‘मंडळ’ म्हणता, त्याला आम्ही ‘मंडळी’ म्हणतो. शब्द एकाच घरचे आहेत.

सिलतऱ्यास आपण आलो ते पोटासाठी. येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि उपासनेची वेळही कारखान्याच्या पाळ्या पाहून ठरवावी लागते. बाजारात हिंदी, शेजारी छत्तीसगढी. मराठी उरते ती स्वयंपाकघरात. परंतु रुग्णाच्या उशाशी बसण्याचे काम पाळकाच्या वाट्यास वारंवार येते. जन्मभर हिंदीत व्यवहार केलेला मनुष्य तापाच्या ग्लानीत देवाला मराठीतच हाक मारतो, हे आम्ही तेथे पाहिले आहे. मग त्याची मुले आमच्या तोंडाकडे पाहतात. बाप काय म्हणाला हे त्यांना पुरते उमगलेले नसते. त्या वेळी उत्तर देणे फार जड जाते.

प्रार्थनेला मायबोली मिळावी म्हणून झटलेल्या एका पुरुषाची वाट आपल्या या मुलखातूनच गेली आहे. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरांवर राजनांदगाव आहे. १८९३ साली तेथे नोकरीसाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक परदेशी सहप्रवासी भेटला आणि ‘नव्या करारा’ची प्रत देऊन गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे त्यांनीही तोच मार्ग धरला. त्या ताटातुटीची हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या मोकळेपणाने सांगितली आहे, तो मोकळेपणा आम्हां उपदेशकांच्या प्रवचनांत क्वचितच आढळतो.

टिळकांना मंडळीत जी गीते मिळाली, त्यांतील बरीच परक्या चालींवर बेतलेली होती. त्यांनी अभंग आणि ओवी हाती घेतली, भजन-कीर्तन उपासनेत आणले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. धर्म बदलला, पण देवाशी बोलण्याची बोली त्यांनी बदलली नाही. म्हणूनच त्यांची गीते मराठी ख्रिस्ती घरांत आजही गायली जातात. पुस्तक न उघडता गाणाऱ्या आजीबाई आमच्या परिचयाच्या आहेत.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. वेतन घेऊन सेवा करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट टोचते, आणि ती टोचावीच. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. दरबारास त्यांची पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत.

आता एक विनंती. रविवारी सायंकाळी मंडळाचे सभागृह तासभर उघडे असावे. ज्याने त्याने आपापल्या देवाची प्रार्थना मराठीत म्हणावी. कोणी हरिपाठ म्हणेल, कोणी आमची गीते. मुलांना शेजारी बसवावे, आणि अडेल तो शब्द तेथल्या तेथे समजावून द्यावा. पेटी आम्ही आणू. तबल्याची सोय मंडळाने करावी.