उष्णतेला वाट हवी

'कूलर' म्हटलं की आपल्या मराठवाड्यात डोळ्यांपुढे येतो तो खिडकीला लावलेला पत्र्याचा डबा, त्यातला ओला वाळा आणि घरघरणारा पंखा. आज मी बोलणार आहे ते त्याच्या धाकट्या भावंडाविषयी, संगणकात प्रोसेसरच्या डोक्यावर बसणाऱ्या कूलरविषयी.

१९७८ सालचा इंटेल ८०८६ हा प्रोसेसर कूलरशिवाय चालत असे. आजच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर जोरात कामाला लागला की ६५ ते १०० वॅट, कधी त्याहूनही अधिक उष्णता टाकतो. जुन्या पिवळ्या बल्बाचा चटका ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना हे कळेल. ही उष्णता बाहेर गेली नाही तर बहुतेक प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर संगणक बंद पडतो. मग आपण म्हणतो, यंत्र म्हातारं झालं. बरेचदा त्याला फक्त धाप लागलेली असते.

आमच्या घरी असंच झालं. माझ्या अम्मीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या दोन कॅसेटींवर आहेत. अम्मी आता नाही. त्या ओव्या संगणकात उतरवून खरखर काढण्याचं काम मे महिन्यात चाललं होतं आणि यंत्र मध्येच बंद पडू लागलं. फीत इतकी जीर्ण, की पुन्हा पुन्हा वाजवायची भीती वाटते. धूळ झाडून पाहिली, फरक पडला नाही. शेवटी भाच्यानं उंच कूलर आणला.

या कूलरमध्ये तांब्याच्या पोकळ नळ्या असतात. आतली हवा काढून थोडं पाणी ठेवलेलं असतं. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, पात्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी घडवली.

खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात: कूलर आपल्या मदरबोर्डच्या सॉकेटला बसतो का आणि त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का. जुना काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटं चालवावा, म्हणजे सुकलेली पेस्ट मऊ होते. मग संगणक बंद करून वायर काढावी. "मामू, ओढू नका, हळूच फिरवा," भाचा म्हणाला. कारण काही सॉकेटांत कूलर सरळ उपसला तर प्रोसेसरही चिकटून वर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली आणि मधोमध नवी लावली, वाटाण्याएवढी. धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक खाचा असतात. त्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट त्या खाचा भरते. ज्या शेराच्या दोन मिसऱ्यांत दुवा नसतो त्याला उर्दूत 'दोलख्त' म्हणतात. दोन्ही ओळी देखण्या, पण एकीची धग दुसरीला पोचत नाही. इथंही तसंच आहे. मात्र पेस्ट जास्त नको. तिच्यापेक्षा तांबं उष्णता कितीतरी चांगली नेतं, म्हणून थर पातळच हवा.

कूलरच्या तळाला प्लॅस्टिकचा पापुद्रा असेल तर तो आधीच सोलावा. स्क्रू एकदम आवळू नयेत. थोडा हा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, असं करत दाब सारखा ठेवावा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावावी आणि संगणक सुरू करताच बायोसमध्ये तापमान पाहावं. आमच्याकडे कामाच्या वेळचा आकडा नव्वदीवरून सत्तरीच्या घरात आला. ओव्यांची एक कॅसेट पूर्ण उतरली आहे, दुसरी सुरू आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. असा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर हिशेब तिथूनच सुरू होतो. म्हणून कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, चालू असताना त्यावर कापड टाकू नका, पावसाळ्याआधी एकदा धूळ काढा. आणि नवा संगणक घ्यायला निघण्यापूर्वी जुन्याचं झाकण एकदा उघडून पाहा.