तंजावरचा छापखाना आणि आजची भयकथा



भयकथा, अद्भुतकथा आणि चित्रकथा लिहून त्या स्वखर्चाने प्रसिद्ध करणाऱ्या लेखकाला शाळेने हीरक महोत्सवात व्यासपीठ द्यावे, याचा मला विशेष आनंद वाटतो. या वाङ्मयाची जागा आजवर बहुधा दप्तराच्या तळाशीच राहिली आहे. त्याची परंपरा मात्र मानाची असून तिचा एक धागा तंजावरला पोहोचतो.

बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविणारे दुसरे सरफोजीराजे आपणांस ठाऊक आहेत. त्यांनीच १८०५ च्या सुमारास तंजावरला देवनागरी छापखाना उभारला. पेशव्यांच्या पुण्यात तेव्हा अशी सोय नव्हती. या छापखान्याच्या आरंभीच्या पुस्तकांत ‘बालबोध मुक्तावली’ होती, म्हणजे इसापच्या गोष्टींचे मराठी रूप. सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात तर भविष्य सांगणारी भटकी स्त्री साऱ्या जगाचा भूगोल सांगते. विद्याव्यासंगी राजालाही ज्ञान पोहोचविण्यासाठी बोलणारे पशू आणि देवलोक हवेसे वाटले, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी याच तमिळ प्रदेशाने मराठी मुलांना पुन्हा अद्भुताची भेट दिली. मद्रासहून निघणाऱ्या मासिकाची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने १९५२ मध्ये सुरू झाली. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला त्यातील विक्रमराजा अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही उभा राहील. तो रेखाटणारे चित्रकार शंकर तमिळ होते. मराठी घरांतील कित्येक मुलांनी स्मशानाची पहिली भीती त्यांच्याच रेषांतून अनुभवली.

मोठ्या वाचकांसाठी नारायण धारपांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. धारपांच्या कथेवरून स्फुरलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

आज स्वतंत्र लेखकाची वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो. मागणीनुसार थोड्या प्रती छापता येतात; हजार प्रतींचे गठ्ठे घरात रचावे लागत नाहीत. चित्रकथेचे गणित मात्र अवघड आहे. चित्रकाराचा मोबदला आणि रंगीत छपाई यांनी खर्च वाढतो. शिवाय मराठी अक्षरांना वर वेलांटी-मात्रा व खाली उकार असल्याने संवादाच्या फुग्यात जागा अधिक लागते. इंग्रजी चित्रकथेचे फुगे तसेच ठेवून मजकूर बदलला, तर शब्दांची दाटी होते. म्हणून चित्र काढण्यापूर्वीच संवाद मराठीत पक्के करावे लागतात. मराठी चित्रकथा मराठीतूनच जन्माला यावी, ही व्यवहाराचीही गरज आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी? तंजावरकडील मराठी कुटुंबांनी तीनशेहून अधिक वर्षे घरात आपली बोली जपली. मुलांचे शिक्षण मात्र तमिळ वा इंग्रजीतून होत गेले. त्यामुळे सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखितांचे वारस असलेल्या अनेकांना भाषा कळते, पण तिच्यातील पुस्तकाशी त्यांचा संबंध उरलेला नाही. हीच अवस्था आज महाराष्ट्रातील आपल्या घरांतही शिरू लागली आहे. मुले मराठी बोलतात; आवडीने वाचतात ते इंग्रजीत.

कर्तव्य म्हणून वाचलेले पुस्तक परीक्षेनंतर मिटते. दिवा मालवायला सांगितल्यावरही जे हातातून सुटत नाही, ते मुलाला पुढच्या पुस्तकाकडे नेते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, शाळेच्या ग्रंथालयात भुतांसाठी आणि राक्षसांसाठी एक फळी राखून ठेवावी. पालकांनी त्या फळीवरचे पुस्तक मुलांच्या हाती दिसल्यास रागावू नये; जमल्यास रात्री शेजारी बसून तेही वाचावे.