अर्जाचे कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बारावीनंतरच्या प्रवेशांबद्दल चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय रुक्ष आहे खरा. परंतु मे-जून आला की घराघरांतून झोप उडते ती याच अर्जापायी.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या नि फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी त्यांनी पत्र लिहिले. मी आपल्या सर्व अटींत बसेनच असे नाही, पण आप्तांचा नि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, तो निर्धार ध्यानी घ्यावा, असा त्याचा आशय. प्रवेश मिळाला, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आज निर्धाराचा रकाना अर्जात नाही. वैद्यकीयला 'नीट', अभियांत्रिकीला सीईटी, आणि मागून दाखल्यांची चळत. गुण मुलगी आणते. दाखल्यांचे हेलपाटे मात्र बहुधा आपल्याच वाट्याला येतात, आणि तेही ऐन गर्दीत.

त्यांत सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर ते लागते, आणि जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून ते यायला कधी कधी महिने जातात. म्हणून अकरावीतच, फार तर बारावीच्या प्रारंभी, महाविद्यालयामार्फत अर्ज करून टाकावा. पुरावा लागतो तो वडिलांच्या घराण्याचा आणि जुना: इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. म्हणजे आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला! तो कोणत्या ट्रंकेत, कोणत्या दिरांच्या घरी आहे, हे सासूबाई हयात आहेत तोवर विचारून घ्या. त्यांच्याइतके त्या घरात कोणाला ठाऊक नसते.

इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रिमी लेअरचा दाखलाही लागतो, आणि तो पुढील ३१ मार्चपर्यंत मुदत असलेलाच हवा. जुना आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मुलीच्या नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत, आधारकार्डावर नि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे ना, तेही एकदा चष्मा लावून पाहावे. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आता आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. आपल्या मुलींना ते लाभले नाही, नातींना लाभेल.)

आता पसंतीक्रमाबद्दल. इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. केंद्रीय प्रवेश फेरीत मुलीचा गुणवत्ता क्रमांक आला की तिची यादी वरून खाली पाहतात, आणि जिथे जागा बसते ती तिला देतात. वर अवघड महाविद्यालय लिहिले म्हणून खालची संधी जात नाही. तरीही कित्येक घरांत 'ते कुठे मिळणार' म्हणून ते नाव लिहीतच नाहीत. आणि 'रोज घरी जेवायला येईल' एवढ्याच हिशेबाने गावातली चार नावे वर लावतात. आमच्या आळीतल्या एका हुशार मुलीची यादी अशीच झाली होती. तिच्या आईने अर्ज पक्का करण्यापूर्वी तिला एकटीला विचारले, 'तुझ्या मनातले पहिले कोणते?' ते यादीत नव्हतेच! ते वर चढवले. आज ती वसतिगृहात राहून संगणक अभियांत्रिकी शिकते आहे. उलट, पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांत चांगल्याची वाट पाहता येत नाही. तेव्हा नको असलेले नाव कोणाच्या शब्दाखातर पहिले लिहू नका.

राहिला पैशाचा प्रश्न. 'मुलाच्या फीला हवेत, तू बी. ए. कर,' हे वाक्य अजून ऐकू येते. बी. ए. वाईट नव्हे, पण ती मुलीने निवडलेली असावी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. आधी ते निम्मे होते. अट अशी, की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा; व्यवस्थापनाच्या कोट्याला ही सवलत नाही. खाणावळ, वसतिगृह आपल्यालाच पाहावे लागेल. आणि ही सवलत आपोआप मिळत नाही; महाडीबीटीवर निराळा अर्ज करावा लागतो, तोही दरवर्षी.

दिवाळीनंतर दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आम्ही दोघी-तिघी बसणार आहोत. ज्यांच्या मुली बारावीत आहेत त्यांनी कागदांची पिशवी घेऊन यावे, आणि शक्यतो मुलीलाही बरोबर आणावे.