वाफेचं इंजिन आणि शाळेची बंद खोली

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीतून बाहेर पडून 50 वर्षं झाल्यावर आपण एकत्र बसलो आहोत. संयोजकांनी मला सांगितलं, “तू घरी इंजिनं बनवतोस, त्यावर 15 मिनिटं बोल.” निवृत्तीनंतर कुणी बागकाम करतं, कुणी गाणं शिकतं, मी लेथ चालवतो. समोर टेबलावर ठेवलेलं हे छोटं इंजिन मघाशी तुम्ही पाहिलंत. ते कसं बनतं ते आधी सांगतो. मग एक मागणी करणार आहे, ती शेवटी.

वाफेचं मॉडेल इंजिन बनवायला कारखाना लागत नाही. स्कूटर उभी राहील एवढी खोली पुरते. एक छोटा लेथ, एक ड्रिलिंग मशीन, भक्कम बाक, त्यावर शेगडा, चार-सहा कानशी, हॅक्सॉ, टॅप आणि डाय, व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर. माल म्हणाल तर पितळेची गोल सळी, थोडं गनमेटल, तांब्याचा पाइप. आपल्या शहरात हे मिळवणं अवघड नाही. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, आणि चिकलठाणा-वाळूज पट्ट्यात गल्लोगल्ली छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. तिथे ज्याला कापलेला तुकडा म्हणून बाजूला टाकतात, त्यातून आपला पूर्ण सिलिंडर निघतो.

पहिलं इंजिन नेहमी डोलणाऱ्या सिलिंडरचं करावं. त्याला वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. सिलिंडर एका खिळीवर बसवलेला असतो आणि क्रँक फिरला की तो घड्याळाच्या लंबकासारखा डावीउजवीकडे डोलतो. सिलिंडरच्या सपाट बाजूला एक भोक असतं. मागच्या ठोकळ्यावर दोन भोकं असतात: एक वाफ आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं. सिलिंडर एका बाजूला डोलला की त्याचं भोक आत येणाऱ्या वाफेसमोर येतं आणि पिस्टन, म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला दट्ट्या, ढकलला जातो. दुसऱ्या बाजूला डोलला की तेच भोक बाहेरच्या वाटेसमोर येतं आणि वापरलेली वाफ निघून जाते. मधल्या रिकाम्या अर्ध्या फेऱ्यात फ्लायव्हील आपल्या वजनानं चाक पुढे नेतं. एवढंच. चार हलणारे भाग, पण ते चारही खरे असावे लागतात.

खरे म्हणजे काय? समजा क्रँकची खिळी मध्यापासून 10 मिलिमीटरवर आहे. मग पिस्टनची चाल बरोबर 20 मिलिमीटर होते, कमी नाही, जास्त नाही. सिलिंडरची सपाट बाजू आणि ठोकळा यांच्यातून वाफ निसटता कामा नये. त्यासाठी काचेच्या जाड तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरायचा, तेलाचा थेंब टाकायचा आणि तो भाग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा घासत राहायचं. मग निळा रंग लावून पाहायचं. रंग सगळीकडे सारखा उमटला तर पृष्ठभाग सपाट, मधेच उमटला तर अजून घासा. आणि पिस्टनची परीक्षा तर फार सुंदर आहे. सिलिंडर उभा धरून पिस्टन वरून सोडला की तो आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरला पाहिजे. पण खालचं भोक बोटानं दाबून धरलं, तर तो मधेच थांबला पाहिजे. बोट काढलं की पुन्हा उतरायला लागला पाहिजे. ही परीक्षा कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ती बोटाला कळते.

इंजिन जुळलं की पहिल्यांदा ते वाफेवर चालवायचं नसतं, हवेवर चालवायचं. भंगारात मिळणारा जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याला पुरतो. सुरुवातीला अडखळतं, चाकाला हातानं धक्का द्यावा लागतो. तासभर तेल देऊन चालवलं की भाग एकमेकांना ओळखायला लागतात.

बॉयलरबद्दल मात्र थोडं कडक बोलतो, कारण इथे नातवंडंही बसली आहेत. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला जवळजवळ 1,700 लिटर वाफ होते. ही वाफ बंद भांड्यात कोंडली की तिचा जोर किती असेल ते कुकरच्या शिट्टीवरून ओळखा. म्हणून पत्र्याच्या डब्याचा बॉयलर कधीही करायचा नाही. रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग वापरायचं नाही, कारण ते 180-190 अंशांच्या आसपास वितळतं. पाणी संपून भांडं कोरडं तापलं तर सांधा क्षणात सुटतो. तांब्याचा पाइप, त्याला चांदीच्या मिश्रधातूचं ब्रेझिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, हे सगळं हवंच. आणि ज्या दाबावर चालवायचं त्याच्या दुप्पट दाबानं आधी थंड पाण्यानं चाचणी घ्यायची. पाण्यानं का? तर पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा फुटला तर फक्त एक चिळकांडी उडते. हवा किंवा वाफ दबलेली असते, ती सुटली तर स्फोट होतो. सरकारच्या बॉयलर कायद्यात 25 लिटरपेक्षा लहान भांडं येत नाही. त्यामुळे घरात इन्स्पेक्टर येणार नाही. आपले इन्स्पेक्टर आपणच.

आता कुणी म्हणेल, हा साहेबांचा छंद आपल्याकडे कुठून आला? तर ऐका. मुंबईत माझगावला अर्देशीर कर्सेटजी वाडिया नावाचे जहाजबांधणीच्या घराण्यातले गृहस्थ होते. 1833 मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन तयार केलं आणि आपल्या बागेतल्या कारंज्यासाठी विहिरीचं पाणी त्यावर खेचलं. मुंबई-ठाणे रेल्वे धावली 1853 मध्ये, म्हणजे त्यानंतर 20 वर्षांनी! 1841 साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सुरुवात घरच्या कारंज्यापासून झाली होती. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून छोट्या रेल्वेचं अख्खं संग्रहालय उभं केलं, 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. कुणी नातवंडांना घेऊन पुण्याला गेलात तर जरूर दाखवा.

आणि आपलं गाव तर यंत्रांचंच गाव आहे. आपली सहल ठरलेली असायची, पाणचक्की! डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून पाडायचं आणि त्याच्या जोरावर पीठ दळायचं. पाण्याच्या जागी वाफ घाला, तत्त्व तेच: जोर आहे, त्याला वाट करून द्या आणि वाटेत चाक ठेवा. कासारी बाजाराच्या तर नावातच तांबं-पितळ आहे. आणि आपल्या स्टेशनावरची ती मीटरगेज. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज आली आणि ती गेली. आज चाळिशीच्या आतल्या माणसाला इथली लहान लाईन सांगूनही खरी वाटत नाही.

आता मी मुद्द्यावर येतो. जेम्स वॅटची गोष्ट आपण किटलीची म्हणून ऐकली. खरी गोष्ट वेगळी आहे. वॅट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणं बनवणारा, दुरुस्त करणारा कारागीर होता. 1763-64 च्या सुमारास त्याच्याकडे वर्गात शिकवण्यासाठी ठेवलेलं न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक मॉडेल दुरुस्तीला आलं. ते दुरुस्त करताना त्याला दिसलं की प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यात बरीचशी वाफ फुकट जाते. त्यातून वेगळ्या कंडेन्सरची कल्पना निघाली, 1769 मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि पुढचं जग तुम्हाला माहीत आहे. लक्षात घ्या, ती सुरुवात झाली वर्गातल्या एका मॉडेलपासून. कुणीतरी ते वर्गात ठेवलं होतं म्हणून ते बिघडलं, आणि बिघडलं म्हणून कुणीतरी उघडून पाहिलं.

आपल्याही शाळेत अशी एक खोली होती. तांत्रिक विषय घेतलेल्यांना आठवत असेल. 25 मिलिमीटरचा चौकोनी तुकडा कानसून काढायचा, त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की सर काही न बोलता तुकडा परत देत. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो: पुढे 35 वर्षं टूलरूममध्ये मी जे काही केलं, ते त्या तुकड्याचंच मोठं रूप होतं.

तो विषय बंद झाला आणि खोलीला कुलूप लागलं. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी आत जाऊन आलो. सहा शेगडे जागेवर आहेत. बाकांचं लाकूड ठणठणीत आहे. लेथच्या बेडवर गंज आहे, पण वरवरचा. मोटर पुन्हा गुंडाळावी लागेल. बाकी यंत्र सरळ आहे. शाळेच्या भंगाराच्या यादीत मात्र त्याचं नाव लागलं आहे.

कुणी विचारेल, आता सीएनसी आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, कानस कशाला? प्रश्न योग्य आहे. मी स्वतः सीएनसी मशीनवर काम केलं आहे आणि करवून घेतलं आहे. पण मशीनवर जॉब थरथरू लागला, तर टूल फार बाहेर निघालंय, की जॉब सैल धरलाय, की वेग जास्त आहे, हे स्क्रीन सांगत नाही. ते आवाजावरून ओळखणारा माणूस लागतो. असा माणूस आपल्या एमआयडीसीत आज निवृत्त होतो आहे, आणि त्याच्या जागी येणारी मुलं हुशार आहेत, पण त्यांच्या हातात आयुष्यात कुणी कानस दिलेली नाही. चूक त्यांची नाही. खोली बंद आहे.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या प्रवेशद्वारावर कमान बांधायची आणि त्यावर आपली सगळ्यांची नावं कोरायची, असा प्रस्ताव आज संध्याकाळच्या बैठकीत येणार आहे. प्रस्ताव मांडणारे माझे जवळचे मित्र आहेत आणि त्यांची भावना मला कळते. तरीही माझी विनंती आहे की कमान थांबवू या आणि ती खोली उघडू या. कमानीचं जे अंदाजपत्रक मी पाहिलं, त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत लेथ दुरुस्त होईल, वायरिंग नवं होईल, हत्यारं आणि डोळ्यांचे चष्मे येतील.

योजना साधी आहे. दर शनिवारी सकाळी दोन तास. आठवी-नववीची 12 मुलं एका वेळी, निम्म्या मुली. पहिले तीन महिने कानस आणि गुण्या. मग ड्रिलिंग, टॅपिंग. वर्षाअखेर दोघादोघांत मिळून एक डोलणारं इंजिन, हवेवर चालणारं. वाफ फक्त आम्ही मोठ्यांनी दाखवायची. नियम तीन आणि ते मोडले तर घरी: चष्म्याशिवाय आत नाही, ओढणी किंवा सैल बाही मशीनजवळ नाही, आणि चकची किल्ली चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. आपल्यातल्या चौघांनी शनिवार द्यायचं मला कबूल केलं आहे, पाचवा मी. अजून तिघं हवेत. इंजिनिअरच पाहिजे असं नाही. शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्या, दागिने घडवणाऱ्या, दातांची डॉक्टर असलेल्या मैत्रिणींच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त बारकावा आहे.

संध्याकाळी मत देताना एवढंच पाहा की आपल्या नावाची पाटी कुठे लागलेली आपल्याला जास्त आवडेल. ती त्या खोलीच्या दारावरही लावता येईल, अगदी छोटी, आणि ती मुलंच पितळेत कोरतील. चहाच्या वेळी मी मागच्या बाकाजवळ हे इंजिन चालवून दाखवणार आहे. ज्यांना शनिवारसाठी नाव द्यायचं आहे, त्यांच्यासाठी वही तिथेच ठेवली आहे.