नखे खाणारी मुले आणि आपण

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. वर्षावासात नखे खाण्यासारखा क्षुल्लक विषय कशाला, असेही वाटले असेल. परंतु अभ्यासिकेत जे पाहिले, त्यामुळे आम्हास तो क्षुल्लक वाटत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली तसा आमच्याकडील एक मुलगा बोटे रक्ताळेपर्यंत नखे कुरतडू लागला. आम्ही त्याला चार मुलांदेखत रागावलो. घरच्यांनी बोटांना मिरची चोळली. सवय सुटली नाही; मुलगा मात्र अभ्यासिकेत येईनासा झाला. पुढे कळले, की वडिलांचे काम सुटले होते आणि घरात रोज रात्री भांडण होत असे. आम्ही बोटे पाहिली, मूल पाहिले नाही. ही चूक आम्ही येथे प्रांजळपणे कबूल करतो.

नखे खाण्याला वैद्यकीय भाषेत ऑनिकोफेजिया म्हणतात. ही सवय बहुधा तीन-चार वर्षांच्या वयानंतर लागते, शाळकरी व किशोरवयात वाढते आणि मोठेपणी पुष्कळांची सुटते. भीती, काळजी, कंटाळा किंवा अवघड गणितात गढून जाणे, अशा वेळी हात नकळत तोंडाकडे जातो. क्षणभर मनाचा ताण उतरतो आणि म्हणूनच सवय पक्की होते. नखुरडे होणे, दातांच्या कडा झिजणे, नखांतील घाणीबरोबर जंतांची अंडी पोटात जाणे, हे तिचे शारीरिक दुष्परिणाम होत.

मग हा मानसिक आजार आहे काय? बहुतेक मुलांच्या बाबतीत नाही. मात्र मनोविकारतज्ज्ञांकडे आणलेल्या नखे खाणाऱ्या मुलांत अतिचंचलता आणि आईवडिलांपासून दूर होण्याची भीती वारंवार आढळली आहे. सोबत आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. पण विचारपूस करण्यास ते पुरेसे आहे.

उपाय काय? मारणे, हिणवणे याने ताण वाढतो, आणि ताण वाढला की नखे अधिक खाल्ली जातात. 1973 साली अझ्रिन व नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सवय पालटण्याची एक पद्धत मांडली. हात केव्हा तोंडाकडे जातो हे मुलाने स्वतः ओळखावे. त्या क्षणी मूठ घट्ट मिटावी किंवा पेन्सिल धरावी आणि ऊर्मी ओसरू द्यावी. घरच्यांनी त्याच्या प्रयत्नाचे कौतुक करावे. नखे नियमित कापलेली असावीत.

मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात तथागतांनी सुताराचा दृष्टान्त दिला आहे. कुशल सुतार जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो, तसा अकुशल विचार कुशल विचाराने काढावा. तेथे विषय नखांचा नाही, विचारांचा आहे; परंतु वाईट गोष्टीच्या जागी चांगली आणावी ही रीत तीच. आणि आधी लागते ती जागरूकता, म्हणजेच सती.

मूल झोपत नसेल, शाळेस जाण्यास घाबरत असेल, केस उपटत असेल, जखमा भरत नसतील, तर डॉक्टरांकडे न्यावे. ही करणी नव्हे, मागच्या जन्मीचे पापही नव्हे. अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. ऑक्टोबर 2022 पासून शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर सुरू आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बाकावरचा सोबती नखे खात असेल तर त्याला चिडवू नका, त्याच्याजवळ बसा. आणि पालकहो, मुलांनी शिकून मोठे व्हावे ही आपल्या सर्वांची तळमळ आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या शिक्षणाचे सारे ओझे एका लहानग्याच्या दहा बोटांवर टाकू नका. आज घरी गेल्यावर मुलाचा हात हातात घ्या. नखे पाहा, पण आधी विचारा, "बाळा, कसली काळजी वाटते?" आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्या.

तो मुलगा आता पुन्हा अभ्यासिकेत येतो. त्याला आणण्यासाठी आम्हालाच त्याच्या घरी जावे लागले. ते आम्ही आधीच करावयास हवे होते.

जयभीम! नमो बुद्धाय!