सुरुवातीची शिल्लक कुठून घ्यायची?

(कार्यकर्त्यांच्या हिशेब शिबिरातील भाषण)



आपल्या संघटनांत एक वाटणी ठरूनच गेली आहे. मोर्चा बायांचा, हिशेब 'सरां'चा. रोजकीर्द टॅलीत चढवायची ठरली की सर येतात, पासबुक मागतात, ३१ मार्चचा आकडा सुरुवातीची शिल्लक म्हणून टाकतात आणि जातात. घोटाळा तिथंच होतो.

समजा, रोजकीर्दीप्रमाणे ३१ मार्चला बँकेत ४२,३०० रुपये आहेत आणि पासबुकात ४९,८००. दोन्ही आकडे खरे आहेत. ४,५०० आणि ५,००० चे दोन चेक आपण मार्चमध्ये दिले, ते वटलेले नाहीत. आपण भरलेला २,००० चा एक चेक अजून जमा झालेला नाही. (बँकेचं व्याज आणि कापलेला आकार मार्चअखेर रोजकीर्दीत आला आहे, असं मी धरते.) टॅलीत घालायची ती ४२,३००, तपासून घेतलेल्या ताळेबंदातलीच. मग त्याच बँक-खात्यात सुरुवातीच्या ताळमेळाची जागा असते, तिथं हे तीन चेक आपापल्या नंबर-तारखेनिशी वेगवेगळे लिहायचे. ७,५०० चा फरक एकगठ्ठा लिहू नका, चेक एकेक करून वटतात.

पासबुकाचा आकडा टाकलात तर एप्रिलमध्ये ४,५०० चा चेक वटतो आणि टॅलीत त्याची नोंदच नसते. मग कुणीतरी तो खर्च पुन्हा लिहितं. एकच खर्च दोन वर्षांत!

आणि तो चेक कुणाचा? बऱ्याचदा घर सोडून आलेल्या एखाद्या बाईला दिलेल्या मदतीचा. तिच्या नावाचं खातं नसेल, किंवा असलेलं पासबुक नवऱ्याच्या ताब्यात असेल. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. म्हणजे मार्चचा चेक जूनमध्ये बाद. यादीत तो स्वतंत्र दिसला तर मे महिन्यात कुणीतरी विचारील, हिला पैसे मिळाले का? (विचारायला घरी पत्र धाडू नका, एवढं मात्र सांभाळा.) यादीच नसेल तर तिचे पैसे आपल्याच शिल्लकेत मुरतात, आणि आपल्याला वाटतं, मदत पोचली.

सरांना आकडे भरू द्यात, माझी ना नाही. यादी मात्र आपण करायची, आणि ती केस जिच्याकडे आहे तिनं वाचायची.

जेवणानंतर प्रत्येकीनं आपलं पासबुक आणि रोजकीर्द घेऊन बसा. न वटलेल्या चेकांसाठी कोरे कागद मधल्या टेबलावर ठेवले आहेत.