दुखणे कोणाचे, कागद कोणाचा?



महाडहून बिरवाडीच्या रस्त्यास लागले म्हणजे औद्योगिक वसाहत लागते. रसायनांचे कारखाने तेथे इतके लगटून उभे आहेत की, एकात सकाळी निघालेली गोष्ट पाळी बदलण्यापूर्वी शेजारच्यात पोचलेली असते. अशा ठिकाणी आजारी कामगाराने आपले दुखणे कोणास सांगावे व कोणापासून राखावे, हा प्रश्न सरळ पोटाशी येऊन भिडतो.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून अर्ज लिहून घेण्यासाठी माणसे माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात पोलादपूरकडील एक गृहस्थ आले. श्वासाच्या विकारामुळे त्यांस काम सोडावे लागले होते; अपंगत्वाच्या लाभासाठी पूर्वीच्या कारखान्याचा नोकरीचा व वेतनाचा दाखला हवा होता. कचेरीतून उत्तर मिळाले, ‘दवाखान्याची सगळी फाइल आणा, मग पाहू.’ त्या फाइलीत छातीच्या कागदांबरोबर मनाच्या विकारावरील जुन्या उपचारांचेही कागद होते, आणि धाकटा भाऊ त्याच कारखान्यात कंत्राटदाराकडे कामास होता. “मास्तर, हे वाचून ते उद्या त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील?” असे त्यांनी मला विचारले.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. मालकास ठाऊक असते ते इतकेच की, मनुष्य कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कामास होता, कोणत्या विभागात कोणते द्रव्य हाताळीत होता व वेतन किती घेत होता. अपंगत्व किती आले हे ठरविणे त्याचे काम नव्हे; राज्य विमा योजनेत ते वैद्यकीय मंडळाकडे सोपविलेले आहे. तेव्हा रोगाचे कागद मंडळापुढे जावेत आणि नोकरीचे कागद मालकाकडून यावेत. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी डॉक्टरांवर रोग्याचे गुपित राखण्याचे बंधन घातले आहे, व रोग्याने मागितल्यास त्याची कागदपत्रे 72 तासांच्या आत देण्याचेही.

तथापि गुप्ततेचा हा हक्क अमर्याद आहे असे मात्र कोणी समजू नये. दुखणे कामामुळेच जडले असे म्हणून मालकाकडून भरपाई मागावयाची असेल, तर त्या दुखण्यापुरते त्यास कळणे भागच आहे. आपल्या खर्चाने तपासणी करविण्याचा अधिकार 1923 च्या कायद्यानेच त्यास दिला होता. शिसे, पारा, बेंझीन यांची बाधा झालेला कामगार आढळल्यास कारखाने निरीक्षकांच्या खात्यास कळविणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरविले गेले, आणि ते योग्यच झाले. तेथे मौन पाळल्यास त्याच पात्राशी उद्या उभा राहणारा दुसरा मनुष्य फसेल. पण छातीच्या दाव्यासाठी मनाचे कागद का उघडावयाचे?

1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. रक्तात एच.आय.व्ही. आढळला म्हणून एका सरकारी महामंडळाने त्याचे नाव कामगारांच्या यादीतून काढले होते. काम करण्यास तो समर्थ असता केवळ या कारणाने त्यास वगळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याचे खरे नाव न उच्चारता, नुसत्या अक्षरांनी हा खटला चालला, ही गोष्ट मला निर्णयाइतकीच मोलाची वाटते. न्याय मागण्यासाठी अब्रू गहाण ठेवावी लागली नाही.

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने कायद्यात सुधारणा झाली. विषारी द्रव्यांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची नोंद मालकाने ठेवावी, व ती कामगारास पाहता यावी, असे तीत म्हटले होते. नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी श्रमसंहिता आल्या, तरी ही तरतूद कायम आहे. प्रत्यक्षात मात्र कित्येकदा उलटेच चालते: कामगाराची नोंद कचेरीस खुली आणि कामगारास बंद! ज्या डॉ. आंबेडकरांनी 1927 मध्ये याच महाडात चवदार तळ्याचे पाणी सर्वांस खुले करण्यासाठी सत्याग्रह केला, तेच पुढे मजूरमंत्री असता, 1944 मध्ये, प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. त्या योजनेतूनच आजचा राज्य विमा उभा राहिला आहे.

त्या गृहस्थांस मी फाइल घरीच ठेवावयास सांगितली. कारखान्यास पत्र लिहिले, त्यात नोकरीच्या तारखा, विभाग, हाताळलेली द्रव्ये व वेतन एवढेच मागितले. शेवटी त्यांच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीची नक्कलही मागितली, आणि पत्र पोचल्याची सही घेण्यास बजावले. दाखला तीन आठवड्यांनी आला. नक्कल अद्याप यावयाची आहे. तिच्यासाठी दुसरे स्मरणपत्र परवाच टपालात टाकले.